चिंचोक्यांची तिसरी ओळ

प्रणोतीनं ओसरीवर चिंचोके मांडले, त्यांतले निम्म्याहून जास्त उचलून बाजूला सारले आणि म्हणाली, "बाई, हे गेले."

"कुठे गेले?" मी विचारलं.

"पाण्यात," पायरीवरून तिचा बाप म्हणाला.

मनिराम दिघोरे ओसरीवर यायला तयार नव्हता. पायांतल्या चपला तशाच ठेवून तो पायरीवर बसला होता, आमच्याकडे पाठ करून. म्हणजे बोलणं सगळं ऐकायचं, पण ऐकतोय असं दाखवायचं नाही. चौथीत होता तेव्हाही रुसला की असाच दाराकडे तोंड करून बसायचा. मी त्याला शिकवलं होतं आणि पुढे त्याच्या लेकीलाही शिकवलं. त्यामुळे मला त्या दोघांच्या पाठी चांगल्या वाचता येत होत्या.

"पाण्यात गेलेलं बाहेर काढायचं हा तर आपला धंदाच आहे ना, बाबा," प्रणोती म्हणाली.

बापाची पाठ जरा हलली. हसला असेल तर त्यानं ते दिसू दिलं नाही.

आमचं खैरबोडी भंडारा जिल्ह्यातलं, तळ्याकाठचं गाव. तळं मोठं आणि जुनं. त्यातल्या माशांवर ढिवरांची तीसेक घरं जगतात. त्यांची सोसायटी आहे, आणि ठरावीक वर्षांनी तळ्याचा ठेका सरकारी कचेरीतून नवा करून घ्यावा लागतो. मनिराम त्या सोसायटीचा अध्यक्ष. कोणी विचारलं, काय करता, तर म्हणायचा, "मासे धरतो अन् अर्ज देतो." आदल्या वर्षी ठेक्याचा कागद वेळेवर हाती आला नाही. पावसाळा उलटला, मत्स्यबीज सोडायचं राहिलं आणि सगळ्यांचं अख्खं वर्ष कोरडं गेलं. गावातल्या प्रत्येक घरानं ते वर्ष सोसलं होतं.

प्रणोती तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ची दोन वर्षं पास झालेली होती. प्राणिशास्त्र घेतलेलं. बापाला वाटायचं, मत्स्य खात्यात लागेल, पोर माशांतच राहील. मार्कही बरे होते. आणि जून महिना लागल्यावर एके दिवशी ती कोणाला न सांगता एस.टी.नं नागपूरला जाऊन आली आणि घरी येऊन म्हणाली की मला हे सोडायचंय. तिथल्या एका कॉलेजात लोकप्रशासनाची पदवी आहे, सरकारी कारभार कसा चालतो, कायदे कोण करतं, गावाच्या वाट्याचं गावापर्यंत का पोचत नाही, हे सगळं शिकवतात. दुसरीकडून येणाऱ्या मुलांसाठी थोड्या जागा असतात. मी तिकडे जाते.

चार दिवस बापलेकींत बोलणं नव्हतं. प्रणोतीची आई, शेवंता, मधल्या मध्ये दोघांचे निरोप पोचवून थकली. शनिवारी सकाळी तिनंच दोघांना माझ्याकडे पिटाळलं. दोघं निघताना म्हणाली होती म्हणे, "बाईंनी तुमाले बाराखडी शिकवली, आता बोलायलेही शिकवतील."

मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. शनिवारी गावातली मुलं माझ्या ओसरीवर जमायची. गणित, गोष्टी, कधी नुसता दंगा. प्रणोती सुट्टीवर असली की माझ्याबरोबर शिकवायची. डोक्यात मावत नाही ते जमिनीवर मांडावं, ही माझी जुनी रीत. म्हणून तिला चिंचोक्यांचा डबा दिला आणि म्हटलं, तुझी पदवी मला मांडून दाखव. मी चौथीतली आहे असं समज.

तिनं समजावून सांगितलं. एक चिंचोका म्हणजे एक विषय. दोन वर्षांत जेवढे विषय पास झाली त्यांतले भाषेचे, पर्यावरणाचे, संगणकाचे आणि संख्याशास्त्राचे तिकडे धरले जाणार. प्राणिशास्त्र, रसायन, वनस्पतिशास्त्र, हे धरले जाणार नाहीत. बाजूला सारलेले ते हेच. जे धरले जातील त्यांच्या जोरावर दुसऱ्या वर्षात बसता येईल आणि मागे राहिलेले विषय पुढच्यांबरोबर ओढावे लागतील. त्या विभागात वासेकर नावाच्या मॅडम होत्या. दुसरीकडून आलेल्या मुलांचं सगळं त्याच पाहायच्या. त्यांनी सांगितलं होतं, सोमवारी तुझी आखणी घेऊन ये. कोणतं सत्र, कोणता विषय, आणि का.

"अन् दाखला?" मी विचारलं.

प्रणोती म्हणाली, "तोही सोमवारीच. सकाळी इकडच्या कॉलेजातून काढायचा आणि दुपारी तिकडे द्यायचा."

दाखला काढणं म्हणजे काय, हे शाळामास्तरणीला सांगावं लागत नाही. एकदा दाखला हातात पडला की इकडचं नाव कमी झालं. तिकडे जागा मिळो न मिळो, इकडचं दार लागलं. मनिरामची पाठ ताठ झाली, त्यालाही ते माहीत होतं. पोर सज्ञान होती, त्याच्या सहीची गरज नव्हती. पण तो हो म्हटल्याशिवाय ती दाखल्याच्या खिडकीपाशी जाणार नव्हती. आणि तो नाही म्हणाला तर सोमवार निघून जाणार होता.

"दोन वर्षांत होईल, बाबा," ती त्या पाठीला म्हणाली आणि पुढच्या विषयांच्या दोन दाट ओळी लावल्या, वर्षाला एक ओळ. "जास्तीचे विषय घेईन. सुट्टीतही करीन. फक्त हा एक सोडावा लागेल." तिनं एक चिंचोका त्या ओळींतून काढून उंबऱ्याशी ठेवला. "म्हणजे एकच वर्ष जास्त लागेल. दोन नाही."

"एक वर्ष म्हणजे काय असते ते मागच्या साली पाहिलं ना तू?" मनिराम म्हणाला.

तेवढ्यात मुलं आली. शनिवारच्या वर्गाची वेळ झाली होती. दहाबारा जणांचा घोळका फाटकातून शिरला आणि पायरीवर एवढा मोठा माणूस रुसून बसलेला बघून तिथंच थबकला. एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. मी त्यांना म्हटलं, आत या, बसा, आधी मोठ्यांचा वर्ग आहे.

मग मला सुचलं. खरं तर आधीच सुचायला हवं होतं.

माझ्या वर्गात एक खेळ होता. दोन मुलं भांडली की मी कधी निवाडा केला नाही. पाटीवरून असो, जागेवरून असो, दोघांना समोरासमोर बसवायचं. प्रत्येकानं दुसऱ्याचं म्हणणं सांगायचं, आपण तोच आहोत असं समजून, 'मी अमका' अशी सुरुवात करून. ज्याचं म्हणणं आहे त्यानं ऐकायचं, आणि नेमकं त्याच्या मनातलं आलं की म्हणायचं, हाव, असंच. तोवर सुटका नाही. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं पलटी. बहुतेक भांडणं पहिल्या पलटीतच संपायची, कारण दुसऱ्याचं बोलता बोलता हसू यायचं. काही मात्र दुपारपर्यंत चालायची. प्रणोती दुसरीत असताना एकदा दिवेलागणीपर्यंत बसली होती आणि मनिराम तिला न्यायला येऊन मुकाट्यानं बाहेर थांबला होता.

"मनिराम," मी म्हटलं, "चपला काढ. वर ये. पलटी."

"बाई, मी आता पन्नाशीले आलो."

"मग माझं वय काय झालं ते मोज, आणि ये."

मुलांना आता हसू आवरेना. त्यांच्यासमोर हुज्जत घालणं त्यालाही बरं दिसेना. त्यानं चपला काढल्या, पाय झटकले आणि लेकीसमोर मांडी घालून बसला. मध्ये त्या चिंचोक्यांच्या ओळी.

मी त्यालाच आधी सांगायला लावलं. वाटलं होतं, अडखळेल. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "मी प्रणोती."

मुलं खिदळली. तो थांबला नाही.

"मी प्रणोती. दोन वर्षं मी माशाचं पोट फाडून पाहिलं. आत काय काय आहे ते सगळं मले पाठ आहे. पण तळ्यातला मासा कोणाचा, हे त्या पुस्तकात नाही. मागच्या साली मी बाबासंगं कचेरीत गेली. कागद मले वाचता येत होता. बाबाले वाटलं, पोरगी शिकली आहे, सांगेल. ते माझ्याकडे पाहत होते. मले एक अक्षर समजलं नाही. घरी येताना गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसली." त्यानं लेकीकडे पाहिलं. "तवा रडली असेल. मी पाहिलं नाही. तवापासून हिच्या डोक्यात हेच आहे."

शेवटी त्याचं 'मी' निसटून 'हिच्या' झाली, ते मी धरलं नाही.

प्रणोती खाली बघत होती. "हाव," ती म्हणाली. "असंच."

मला वाटलं, झालं. इतकं ज्याला कळलंय तो अडवणार कशाला? पण पलटी अर्धीच झाली होती.

"मी मनिराम," तिनं सुरुवात केली. आवाज जरा सावरला तिचा. "माझ्या पोरीनं दोन वर्षं घासली, ती वाया चालली. अजून एक जाईल. वर्ष गेलं की काय होते ते मले माहीत आहे."

"नाही," मनिराम म्हणाला.

"नाही कसं? चार दिवस आईकडून हेच सांगताय तुम्ही."

"सांगतो. पण ते नाही."

मुलं सावरून बसली. त्यांना नियम माहीत होता. नाही म्हटलं की पुन्हा.

"मी मनिराम. पोरगी एकटी नागपूरले राहील. कोण असेल, कसं असेल."

"याच आठवड्यात एकटी जाऊन आली ना. नाही."

"लोक म्हणतील, दिघोरेची पोर अर्धवट सोडून पळाली."

"लोकाले मी कवा विचारलं?"

तिचे अंदाज संपत आले. तिनं हळूच म्हटलं, "मी मनिराम. माझी एकच पोर आहे. ती घरात नसली तर मले जेवण जाणार नाही."

मनिराम अंगठ्यानं ओसरीची कड घासत राहिला. "तेही आहे," तो म्हणाला. "पण ते नाही."

"काका, हाव म्हणा ना," मागून एक मुलगी कळवळून म्हणाली. "आमचा वर्ग राहिला."

मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. अशा वेळी मास्तरानं काय करायचं असतं? काही नाही. मुलाला उत्तर येत नसलं की आपली जीभ शिवशिवते, शेजारच्यालाही शिवशिवते, पण जो गप्प राहायला शिकला तोच शिकवायला शिकला. मी फक्त नियमाची आठवण करून दिली. अडलं तर एक प्रश्न विचारता येतो.

प्रणोतीनं विचारलं, "बाबा, त्या दिवशी कचेरीत तुम्ही मला झेरॉक्स काढायला पाठवलं. मी परत आले तेव्हा तुम्ही बाहेर येऊन झाडाखाली उभे होतात. मध्ये काय झालं?"

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही, पण नजरही काढली नाही.

मग त्यानं सांगितलं. बहुतेक माझ्याकडे बघूनच सांगितलं. त्या कचेरीत एक नवा साहेब आला होता, तरणा. नाव ऐकून मनिरामला आनंद झाला, कारण तो पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, सुखरामचा मुलगा निघाला. सुखराम आणि मनिराम एकाच डोंग्यातून जाळं टाकत मोठे झाले. ते पोर लहानपणी मनिरामच्या खांद्यावर बसून तळ्यावर यायचं. आपला माणूस बसलाय म्हणून मनिराम रांग सोडून नाही, रांगेतूनच, पण हसत हसत पुढे गेला.

"मी म्हटलं, बापू, मी मनिराम काका. त्यानं मान वर नाही केली. मले वाटलं, ऐकू नाही आलं. पुन्हा म्हटलं. त्यानं माझा कागद बोटानं असा सरकवला. कागद खाली पडला. मी वाकून उचलला," तो म्हणाला. "राग नाही आला, बाई. खरं सांगतो. माझ्या मनात आलं, सुखराम आत्ता इथं असता तर? पोराले शिकवण्यासाठी त्यानं काय काय केलं ते मी पाहिलं आहे. त्यानं हे पाहिलं असतं तर कुठं तोंड लपवलं असतं?"

मुलांतलं कोणी हललं नाही. लहान होती, पण कागद खाली पडला आणि उचलावा लागला, एवढं त्यांना कळलं होतं.

"ही हुशार आहे," मनिराम म्हणाला. "जे धरेल ते करेल. उद्या ही त्या जागी बसेल. मी समोर उभा असेन, हातात कागद घेऊन. अन् ही मान वर नाही करणार. मंग मी कोणाचा बाप? त्यापरीस माशाचं पोट फाडू दे. मासा काही बोलत नाही."

"मी तशी—" प्रणोतीनं तोंड उघडलं.

"त्यानंही सुखरामले हेच सांगितलं असेल," मनिराम म्हणाला. कडवटपणे नाही, अगदी सरळ.

मला प्रणोतीचं त्या क्षणी फार कौतुक वाटलं. वीस वर्षांची पोर. त्या वयात वचनं किती सहज तोंडातून पडतात. तिनं वचन दिलं नाही. गुडघ्यावर हनुवटी टेकवून बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिली. मग पाठ सरळ करून तिनं पलटी पुरी केली.

"मी मनिराम," ती म्हणाली. "मला भीती वाटते की माझी पोर एक दिवस मला ओळखणार नाही."

"हाव," मनिराम म्हणाला. "असंच."

मुलांनी मोठा श्वास सोडला. त्यांना वाटलं, संपलं. मोठ्यांचं तिथं संपत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार? शेवंतानं पाठवलेला चहाचा थर्मास मी उघडला. पाचदहा मिनिटं आम्ही नुसते चहा पीत बसलो. मनिराम बशीत चहा ओतून फुंकत होता आणि त्याची नजर उंबऱ्याशी पडलेल्या त्या एकट्या चिंचोक्यावर गेली.

"हा एकटा काहून तिकडं?"

प्रणोतीनं सांगितलं. तो विषय म्हणजे वर्ग नव्हे, काम होतं. अर्धं वर्ष एखाद्या ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत जायचं. तिथं खुर्चीवर बसायचं नाही. काम घेऊन आलेल्या माणसाबरोबर चालायचं. पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा. तो उभा राहील तिथं आपणही उभं राहायचं आणि काय झालं ते लिहायचं. वासेकर मॅडम म्हणाल्या होत्या, बाहेरून आलेली मुलं हे सोडतात. दोन वर्षांत ते मावत नाही आणि सक्तीचंही नाही.

"दुसऱ्याच्या कामासाठी उभं राहायचं?" मनिरामनं विचारलं.

"हो."

"अर्धं साल?"

"हो, बाबा."

त्यानं बशी खाली ठेवली. हात धोतराला पुसला, उंबऱ्याशी वाकून तो चिंचोका उचलला आणि दोन ओळींच्या खाली, जरा अंतर सोडून ठेवला. मग बघत राहिला. एकटा बरा दिसेना म्हणून दाट ओळींतले दोन इकडचे, तीन तिकडचे असे काढून त्याच्याजवळ आणून लावले. जाळ्याची वीण सैल करावी तसं हळूहळू चाललं होतं. तीन ओळी झाल्या.

"बाबा, अशानं तीन वर्षं लागतील," प्रणोती म्हणाली.

"दिसते मले."

"तुम्हीच तर म्हणत होता, वर्ष—"

"माझं वर्ष त्या कचेरीत उभं राहून गेलं," तो म्हणाला. "तुझंही जाऊ दे. तू शिकायले उभी राहा. तुले मधलं गाळून शिकायचं असेल तर राहू दे. मी हो नाही म्हणत."

प्रणोती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते ओढणीनं पुसलं. मग एकदम गंभीर होऊन तिनं विचारलं, "आणि तीन वर्षं करूनही मी तशी झाले तर?"

चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण शिकवलेलं पुढे टिकेलच असं कोणत्याही मास्तराला सांगता येत नाही.

"तुम्ही येऊन सांगाल मला?" तिनं विचारलं.

"सांगीन."

"सगळ्यांसमोर सांगावं लागलं तरी?"

"लेकीले सांगायले कसली लाज," मनिराम म्हणाला आणि उठला. गुडघ्यांनी कुरकुर केली. मुलांकडे बघून म्हणाला, "चला, झाला माझा वर्ग. मी पास झालो का रे?"

मुलं ओरडली, पास.

त्या दिवशीचा त्यांचा वर्ग प्रणोतीनंच घेतला. भागाकार होता. त्याच चिंचोक्यांवर शिकवला, आणि तिच्या ध्यानात येईपर्यंत तिन्ही ओळी मुलांच्या मुठींत वाटल्या गेल्या होत्या. मी म्हटलं, अगं, तुझी पदवी वाटली गेली. ती म्हणाली, राहू द्या, बाई, कुठला कुठे होता ते पाठ आहे. संध्याकाळी घरी बसून तिनं सगळं कागदावर उतरवलं. तिसरी ओळ बापानं पुन्हा एकदा तपासून पाहिली, असं शेवंता सांगत होती. वाचता येत होतं त्याला, मीच तर शिकवलं होतं.

सोमवारी दोघं मिळून गेली. सकाळी दाखला निघाला, दुपारी नागपूर. वासेकर मॅडमनी आखणी पाहून विचारलं म्हणे की सगळे जण वर्ष वाचवायला येतात, तू वाढवून का मागतेस? प्रणोतीनं काय सांगितलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. जागा मिळाली एवढं खरं.

ती गेली आणि शनिवारी मी पुन्हा एकटी शिकवू लागले. एक गोष्ट मी त्या दिवशी बोलले नव्हते, आजही बोलायला संकोच होतो. माझ्यामागे हा वर्ग तिनं चालवावा असं माझ्या मनात होतं. तालुक्याच्या कॉलेजात राहिली असती तर कदाचित चालवलाही असता. ती चिंचोके मांडत होती तेव्हा मी त्या ओळींत माझे शनिवार शोधत होते. ते नव्हते. तरीही तिसरी ओळ लागली तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचं मलाच नवल वाटलं. मुलं काय, दर वर्षी नवी येतात.

पुढचं थोडक्यात सांगते. तिनं तीन वर्षं केली. तिसऱ्या वर्षी अर्धं साल एका आडगावात राहून म्हाताऱ्याकोताऱ्यांबरोबर कचेऱ्या पालथ्या घातल्या. तिच्या चपला झिजल्या त्याचा मनिरामला मोठा अभिमान. मग परीक्षा दिल्या, एकदोनदा हुकल्या, शेवटी सरकारी नोकरीत लागली. काही वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात काढून आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी एका कचेरीत आली. रविवारी यायची तेव्हा माझ्या मुलांसाठी खडू घेऊन यायची. कामाचं विचारलं तर म्हणायची, फार आहे, बाई, श्वास घ्यायला वेळ नाही. ते ऐकून मनिराम तिच्या चपलांकडे बघायचा.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री मनिराम आला. आता तोही थकलाय. या खेपेला चपला काढून सरळ आत आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाई, आज तिले सांगून आलो."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

सोसायटीच्या कामासाठी तो तिच्या कचेरीत गेला होता. तिला कळवलं नव्हतं. रांगेत उभा राहिला. रांग मोठी होती, सकाळपासून लोक ताटकळले होते. ती कागदांत बुडालेली. एकेकाचा कागद बघायची आणि खाली मान घालूनच पुढचं सांगायची. त्याच्यापुढे एक म्हातारी होती. तिला काय सांगितलं ते तिला समजलं नाही, तिनं पुन्हा विचारलं, तर उत्तर आलं नाही. मग मनिरामची पाळी आली. त्यानं कागद ठेवला. तिनं तो डावीकडे सरकवला आणि म्हणाली, उद्या या.

"मी म्हटलं, येतो. पण तूच सांगायले ये म्हणाली होतीस, म्हणून आलो."

"मग?" मी विचारलं.

"मान वर केली," तो म्हणाला. "रडली नाही, बाई. बरं झालं. रडली असती तर मी तिले समजावत बसलो असतो अन् रांग तशीच राहिली असती. उठली. आधी त्या म्हातारीले बोलवायले गेली. ती फाटकापर्यंत पोचली होती, तिले हाताले धरून घेऊन आली. मंग एकेकाले विचारत गेली, काय झालं, कोणाकडे पाठवलं होतं. दिवे लागेपर्यंत चाललं. मी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. मधे घुसणं बरं नाही."

"आणि तुझं काम? झालं?"

"नाही," मनिराम म्हणाला, आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. "सोसायटीचा एक ठराव कमी होता. उद्याच बोलावलं आहे. पण माझ्याकडे पाहून सांगितलं, बाई."